पेटीमागची भिंत

सेंट जॉन नदीकाठ, उत्तर मेन
मंगळवार, १४ ऑक्टोबर २०१४

प्रिय क्लोविस,

शनिवारी, ११ ऑक्टोबरला, सकाळी आठ वाजून चाळीस मिनिटांनी तू माझ्या बैठकीच्या खोलीतली लाकूड जाळायची लोखंडी पेटी मला न विचारता भिंतीतून उपसून काढलीस. वेळ पक्की आहे. समोरच्या मादाम पेल्तिएने खिडकीतून पाहिलं, आणि ती घड्याळ बघितल्याशिवाय कोणाची चहाडी करत नाही.

तू बरा असशील. मीही बरी आहे, गुडघे सोडले तर. बटाट्याची काढणी संपली, पोरं शाळेत परतली, रस्त्यावर अजून चिखल आहे. झाली विचारपूस. आता मुद्द्याचं.

मला घराबाहेर काढायची युक्ती तुझी की माझ्या लेकीची? जिसेल शुक्रवारी फोनवर इतकी गोड बोलत होती की मला तेव्हाच शंका यायला हवी होती. "आई, चर्चच्या न्याहारीला तुझ्याशिवाय प्लॉय कोण करणार? बाकीच्या बायका ते उलटतात." उलटतात हे खरंच. आपल्या आईने प्लॉयचं धिरडं एकाच बाजूने भाजायला शिकवलं, वरून भोकं पडली की उतरवायचं. तर मी तिथे तव्यापुढे उभी राहून अख्ख्या गावाला वाढत होते आणि इकडे माझा सख्खा भाऊ दोन गडी आणि एक हातगाडी घेऊन माझ्या घरात शिरत होता.

साडेअकराला परत आले, तर भिंतीतली शेकोटी रिकामी, घासूनपुसून पांढरी केलेली. तिच्यापुढे चार पायांवर उभा एक काळा स्टोव्ह, कोणी पाहुणा अंगावरचा कोट न काढता ताटकळावा तसा. मागून चकचकीत नळी निघून वर धुराड्यात गेलेली. आणि तू हात पुसत म्हणालास, "ताई, आता ऊब खोलीत राहील. पेटीची अर्धी ऊब भिंतच खात होती."

मी विचारलं, "पेटी कुठाय?"

"भंगारात गेली."

"तीन तासांत?"

"गाडी तिकडेच चालली होती."

कोणाची गाडी शनिवारी सकाळी भंगाराकडे चाललेली असते, क्लोविस? मी काल स्वतः तिथे गेले. तिथला माणूस म्हणाला, "तुमच्या भावाने उभं राहून फोडून घेतली, मादाम. मी म्हटलं, राहू द्या, बिडाचं लोखंड चांगलं आहे, कोणी नेईल. तर म्हणाले, नाही, आत्ता फोडा, माझ्यासमोर."

स्टोव्ह वाईट आहे असं मी म्हणत नाही. शनिवारपासून तीनदा पेटवला. लाकूड कमी लागतं, काच काळी होत नाही. तू आयुष्यभर हाच धंदा केलास, तुला तो येतो. भेट म्हणून दिलास त्याबद्दल आभार. सिस्टर सेंट-ल्यूसीने आम्हाला शाळेत शिकवलं होतं की आभार रागातसुद्धा मानायचे आणि अक्षर तेव्हाही वळणदार काढायचं. काढते आहे.

पण पेटीमागे काय होतं ते तू मला सांगितलेलं नाहीस. हे पत्र त्यासाठी आहे.

मी विचारलं तेव्हा तू म्हणालास, "काजळी होती ताई. सगळ्यांच्याच असते." आणि मग तू मला मिठी मारलीस. तू! आईच्या अंत्यविधीला तू माझ्याशी हात मिळवलास, तोही हातमोजा न काढता. पस्तीस वर्षं नाताळचं कार्ड पाठवतोस त्यावर नुसती सही असते. असा माणूस काजळी बघून बहिणीला मिठी मारत नाही.

ती पस्तीस वर्षं कशावरून, ते दोघांनाही पाठ आहे. एकोणऐंशी साल, तेल महागलेलं. नदीच्या दोन्ही काठांवर जो तो भिंतीतल्या शेकोटीत लोखंडी पेटी सरकवत होता. माझ्या उबाल्डनेही सरकवली, चार माणसं लावून, कडेने न जळणारी लोकर कोंबून, झालं. तू दारात उभा राहून म्हणालास, "भाऊजी, पेटीपासून वरपर्यंत नळी घाला. नाहीतर धूर धुराड्यात भटकत राहील आणि एक दिवस घरात येईल." उबाल्ड हसला. "मेहुण्या, तू नळ्या विकतोस म्हणून तुला सगळीकडे भोकंच दिसतात." सगळे हसले. मीही हसले. सगळ्यात मोठ्याने मीच हसले असेन, कारण तू निघालास तेव्हा माझ्याकडे बघत होतास.

सगळ्या गावाने तेच केलं होतं. कोणाच्याच पेटीला नळी नव्हती. हे मी स्वतःला फार वेळा सांगते.

आता जे कोणालाच सांगितलेलं नाही ते लिहिते. नीट वाच, दुसऱ्यांदा लिहिणार नाही.

उबाल्डची छाती बिघडल्यावर आम्ही त्याचा पलंग बैठकीच्या खोलीत आणला, शेकोटीच्या डाव्या हाताला. त्याला ऊब हवी होती. जिसेलने भिंतीवर धोक्याची घंटी लावली, विषारी धूर झाला की ओरडणारी. जानेवारीभर माझं डोकं दुखत होतं. मी चष्म्याला दोष दिला. फेब्रुवारीत ती घंटी ओरडायला लागली, तीन दिवस, पेटीत लाकूड घातलं की हटकून. उबाल्ड चिडला. "ओदील, गप्प कर त्या पाखराला. मरतानाही झोपू देणार नाही ते."

मंगळवारी मी तिची बॅटरी काढली आणि खणात टाकली.

गुरुवारी, सहा फेब्रुवारीला, दुपारी एक वाजता मी चर्चच्या हॉलवर घेवडा निवडायला गेले. जाताना पेटीत मॅपलचे दोन मोठे ओंडके घातले आणि हवेची झडप जवळजवळ बंद केली, मी येईपर्यंत विस्तव टिकावा म्हणून. सगळ्या बायका असंच करतात. सव्वातीनला आले. उबाल्ड गेलेला होता. डॉक्टरांनी लिहिलं, हृदय. आजारी माणसाचं हृदय थांबलं तर त्यात कोण काय शोधणार?

शवपेटीशी उभी राहून जिसेल म्हणाली, "बाबा किती टवटवीत दिसताहेत, बघ ना. गाल कसे गुलाबी आहेत."

वर्षभर पिवळा पडलेला माणूस, क्लोविस. गुलाबी. विषारी धुराने गेलेल्याचे गाल तसे होतात, हे तुझ्या धंद्यात तुला ठाऊक आहे.

मी आठ महिने ती पेटी हलवू दिली नाही. जिसेलला वाटलं, नवऱ्याची आठवण म्हणून जपते. लोकांना विधवेबद्दल असलं काहीतरी वाटायला आवडतं. खरं म्हणजे मागे बघायची हिंमत नव्हती, आणि ज्या दिवशी ती होईल त्या दिवशी बघणारी मी असणार होते. ते तू माझ्याकडून हिरावून घेतलंस. भिंत धुतलीस, पेटी फोडलीस, आणि वर मायेने वागलास. "एकोणऐंशीत मी म्हटलं होतं की नाही?" एवढं तरी तोंडावर फेकायचंस! ते मी ऐकून घेतलं असतं. तुझी दया मला झेपत नाही.

फादरना मी सांगितलं. ते म्हणाले, "देवाला सगळं ठाऊक आहे, मादाम." देवाला ठाऊक असून मला काय उपयोग? मला ठाऊक हवं.

प्रश्न एवढाच. शेकोटीच्या डाव्या कडेची भिंत, पलंगाकडची, आतून चिरलेली होती का? त्या चिरेतून धूर खोलीकडे आल्याची काळी रेघ होती का? तू धुराडी बघत म्हातारा झालास, तुला एका नजरेत कळतं. हो किंवा नाही. "तसं सांगता येत नाही" असं लिहिलंस तर ते मी 'हो' समजेन. आणि चीर असताना मला बरं वाटावं म्हणून 'नाही' लिहिलंस, तर मला ते तुझ्या अक्षरावरून कळेल. तुला लिहायला मीच शिकवलं आहे.

दोन नोव्हेंबरच्या प्रार्थनेत यंदा गेलेल्यांची नावं वाचतात, आणि प्रत्येकाच्या घरचं माणूस उठून मेणबत्ती लावतं. उबाल्ड थिबोदोचं नाव येईल तेव्हा मी त्याची बायको म्हणून उठायचं की बाकावर बसून राहायचं, हे मला आधी ठरवायचं आहे.

फोन करू नकोस. तू रडशील आणि मी फोन ठेवून देईन. जिसेलला यातलं एक अक्षर कळता कामा नये. उत्तर कागदावर, तुझ्या हातचं, खाली पूर्ण सही. शुक्रवार, ३१ ऑक्टोबर, संध्याकाळी पाचच्या आत, पोस्टाची खिडकी बंद व्हायच्या आधी. मी खिडकीपाशी उभी असेन.

तुझी थोरली बहीण,
ओदील