आप्पांच्या श्वासापुरती भुकटी

३ नोव्हेंबर
लॅबमध्ये दम्याच्या औषधाची, श्वासातून ओढायची भुकटी आज पुन्हा वाया. मायक्रोस्कोपखाली कण गोल, गुळगुळीत, देखणे; पण एकमेकांना चिकटून बसलेत मेले. जोरात ओढेल त्याच्याच छातीत पोचायचे. माझ्या दमेकरी वडलांचं, आप्पांचं काय? संध्याकाळी फोन केला. ‘बरं हाय’ एवढ्यावरच धाप लागली. याच माणसाची हाक गडहिंग्लजला मळ्यातून थेट शाळेत यायची. ‘अक्काऽऽ!’ पोरी हसायच्या, मला लाज वाटायची. आता त्याच हाकेसाठी जीव तुटतो.

११ नोव्हें.
सर म्हणाले, ल्युसीन हे अमिनो आम्ल जास्त मिसळून बघ. मिसळलं. कण सुकताना आक्रसले, मनुक्यासारखे सुरकुतले! सुरकुत्यांमुळं एकमेकांना टेकतात कमी, हलक्या श्वासानंही सुटे होतात. लॅबच्या यंत्रावर हवा मुद्दाम मंद ठेवली, तरी बरीच भुकटी खोलवर गेली. रडूच आलं. ही भुकटी आप्पांना नेऊ का, सरांना विचारलं. उत्तर ठाऊक होतं तरी.
‘चाचण्या व्हायच्यात. वर्षं जातील गं.’

२३ नोव्हें., गडहिंग्लज
आप्पा इष्टलिंगाच्या पूजेला बसलेले. बघते तर त्यांची दम्याची रोजची, ओढायच्या भुकटीची कॅप्सूल पाण्याच्या तांब्याशेजारी, वाटीत उघडी! आदल्या संध्याकाळीच पाकिटातनं काढून ठेवतात म्हणे. पूजा झाली की प्रसाद म्हणून ओढतात. ओलीनं कॅप्सूल मऊ पडलेली, आत भुकटीचा गोळा. मी तिकडं कणांच्या सुरकुत्या मोजतेय आणि इकडं हे! भडकलेच.
‘द्येवाला दावल्याबिगर कसं घ्यायचं, अक्का?’
शेवटी ठरलं, देवापुढं बंद पाकीट ठेवायचं, फोडायचं ओढतानाच.

३० नोव्हें.
फोनवर आप्पा सलग बोलले. ऊसतोड, म्हैस, शेजाऱ्याची खोड. मी मधे तोंड घातलं नाही. पण आवाज अजून बारीकच. श्वासच कमी पडतो, त्याला कोरडी कॅप्सूल तरी किती पुरणार? माझी भुकटी बरणीत बंद.

७ डिसें.
गावाहून परत. मळ्यापाशी एसटी वळली, आप्पा बांधावर उभे. दोन्ही हात तोंडाशी धरले. खिडकी ओढली, जाम, इंजिनाची घरघर. तोंड उघडलेलं दिसलं, मग ते गुडघ्यांवर हात टेकून वाकले. हाक मारली का धाप लागली, कळलंच नाही. कागल येईपर्यंत फोन हातात होता, पण विचारायचं धाडस झालं नाही. उद्या सकाळी लॅबमधला भुकटी सुकवायचा ड्रायर माझ्याकडं आहे.