मास्क माझ्या टोपलीत आहे

बाळ मकामे,

तुझा डुबकीचा मास्क शोधू नकोस, मी तो सोबत नेलाय. आज पाहुण्यांना प्रवाळ दाखवायला पाण्याखाली उतरायचं नाही.

समुद्रावरून आलास की मास्क माझ्यापुढे टाकून म्हणायचास, "आई, ही घे तुझी सून, आंघोळ घाल हिला." गेले तीन दिवस मात्र तो तूच धुतोस. काल मी पुन्हा गोड्या पाण्यात बुडवला, तर रबराच्या कडेतून रक्त सुटलं. सर्दी असताना खाली जातोस ना? चोंदलेल्या नाकाने खोल गेलं की पाण्याच्या दाबाने नाकातून रक्त येतं. तुझे बाबाही असेच स्वतःचा मास्क स्वतः धुवायला लागले होते, आणि मी वेडी खूश झाले होते. चौथ्या दिवशी कपाळातली कळ सोसेना, म्हणून ते खोलातून न थांबता घाईने वर आले आणि दोन्ही पाय कायमचे लुळे पडले.

मशिदीत झांझिबारचे शेख आलेत. ते गाऊन उपदेश करतात तेव्हा सगळ्याच बायका रडतात, माझं रडणं त्यात खपून जाईल. तिथून बोटीच्या मालकाकडे जाऊन सगळं सांगणार आहे. तुझी नोकरी गेली तर अल्ला बघेल.

कसाव्याचे कंद उकडून झाकून ठेवलेत. दुपारी बाबांना कुशीवर वळव. पडून राहून त्यांच्या पाठीला झालेली जखम आज तू धू. गोडं पाणी माठात आहे.

आई