तिसऱ्यांदा बसशील का?

जळगाव, शुक्रवार, २१ जून १९३५

वसंतरावांशी ठरलेलं माझं लग्न आज मोडलं. मीच मोडलं, तेही एका शब्दात.

डॉक्टरी शाळेच्या प्रवेश परीक्षेत मी रसायनात नापास झाले, हे कळताच ते आपल्या आईला घेऊन धुळ्याहून आले. मी पुन्हा बसणार, असं बाप म्हणून नानांनीच सांगून टाकलं. वसंतराव चष्मा पुसत म्हणाले, "बसू द्या. अजून एक वर्ष थांबू." इतका सरळ माणूस!

त्यांच्या आईंनी मात्र मला विचारलं, "पोरी, एक वरीस थांबनूत, आखो एक थांबसूत. पन परत नापास व्हयनी तं? तिसऱ्यांदा बठशी का?"

"हो," मी म्हणाले.

का म्हणाले? तिसऱ्या वेळेचा विचार मी कधी केलाच नव्हता. नुसतं 'बघू' म्हटलं असतं तरी चाललं असतं. वसंतरावांचा चष्मा पुसणारा हात थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा पुसू लागले. आई उठल्या, मागोमाग तेही उठले.

ते गेल्यावर नाना म्हणाले, "अजून वेळ आहे. तू तिसऱ्यांदा बसणार नाहीस, असं कळवू का त्यांना?"

कळवा, असं म्हणायचं फार मनात होतं. पण तोंडून गेलं ते खरंच होतं, त्याला आता काय करू?

"नका कळवू, नाना," मी म्हटलं. "रसायनाची शिकवणी तेवढी सोमवारपासून लावा."