मामांनी बंदूक घेऊ नये याबाबत

रायपूर,
दिवाळीच्या तोंडावर, १९९९

तीर्थरूप खंडेराव मामांना महेशचा वाकून नमस्कार. रायपूरहून मखमलाबादपर्यंत हात पोचत नाही, म्हणून कागदावरच पाया पडतो, गोड मानून घ्यावं. साळूमामीलाही नमस्कार. तिच्या गुडघ्याचं कसं आहे? तेल कोणी चोळतं का, की तीच सगळ्यांचं चोळत बसते? गुलाबावरची माव्याची कीड गेली का? ढवळ्या बैल वैरण खायला लागला का? (मंजुषा पण बरी असेल, असं सहज विचारतो.) मी इकडे खुशाल आहे. खुशाल म्हणजे बाळाजीशेठच्या कांद्याच्या गाळ्यावर राहतो, गोण्यांवर झोपतो, उशीला कांद्याचा वास, चहाला कांद्याचा वास, परवा देवळात गेलो तर पुजारी म्हणाला, भैया जरा बाजूला उभे राहा. अंग थकतं मामा. पण ते राहू द्या.

तुमचं पत्र पोचलं. त्यातल्या दोन गोष्टींनी माझी झोप गेली. एक म्हणजे दसऱ्याला मी शेठबरोबर नाशिकात असून सोनं द्यायला आलो नाही, म्हणून मामी रागावली. दुसरी म्हणजे संध्याकाळी कोणीतरी मोटारसायकलवाला आपल्या बांधावर येतो, दोनदा हॉर्न वाजवतो आणि तुम्ही बाहेर आलात की पळून जातो, तो नक्की चोर आहे, म्हणून तुम्ही बंदुकीच्या लायसनला अर्ज करणार आणि पहिली गोळी त्याच्या टायरात आणि दुसरी त्याच्यात घालणार. मामा, या दोन्ही गोष्टींचं उत्तर एकच आहे, पण ते लांबलचक आहे. तेव्हा चहा घेऊन बसा आणि मंजुषाला वाचायला सांगू नका, चष्मा लावून स्वतः वाचा.

मी सातवी नापास, हे तुम्ही चारचौघांत नेहमी सांगता. पायाला भिंगरी आहे हेही सांगता. खरं आहे. ओझरला विमानाच्या कारखान्याच्या कँटीनमध्ये टिकलो नाही, लासलगावला हमाली केली तर पाठ धरली, देवळ्याला ट्रॅक्टर चालवला तर मालकाची आणि माझी तोंडं फिरली. पण बंदुकीच्या बाबतीत माझ्याएवढा शिकलेला माणूस आपल्या नात्यात नाही. कारण शेठची जीप चालवायला लागलो आणि त्याच सुमारास शेठने रिव्हॉल्वर घेतलं. झालं असं की देवळ्याच्या रस्त्याला एका व्यापाऱ्याला अडवून मारलं अशी बातमी आली. (पुढे कळलं की अडवणारा त्याचा मेव्हणा होता आणि बायकोला माहेरी पाठवत नाही यावरून भांडण होतं. पण तोपर्यंत शेठचं लायसन येऊन गेलं होतं.) लायसन फक्त महाराष्ट्रापुरतं. म्हणजे आम्ही वर्षातले आठ महिने रायपूरला, आणि आमचं रक्षण करणारी बंदूक नाशिकच्या घरात कपाटात. इकडे माझ्याकडे गोणी उसवायची सुरी आहे, तीही बोथट, आणि इतक्या दिवसांत एकाही चोराने आमच्याकडे बघितलं नाही. नाशिकरोडला उतरलो, घरी जाऊन ती कमरेला लावली, की मात्र रस्त्यावरचा प्रत्येक माणूस शेठला चोर दिसायला लागायचा. रसवंतीवाल्याने ऊस उचलला तरी शेठचा हात कमरेकडे.

आणि कमरेकडे गेला तरी उपयोग नाही. तुम्ही शेठला पाहिलं आहे. जीपमध्ये बसले की पोट मांडीवर येतं आणि बंदूक त्याच्याखाली जाते. ती काढायची तर आधी जीप थांबवायची, मग शेठला उतरायला हात द्यायचा, मग सदरा वर करायचा, श्वास आत घ्यायचा, मग चामड्याचं बटण उघडायचं. एवढं सगळं होईपर्यंत लुटारू थांबला पाहिजे. मी एकदा बोललो तर शेठ म्हणाले, "म्हेश्या, तू गाडीकडं बघ."

पुढे पुढे माझं कामच बदललं. बंदुकीने शेठला सांभाळायचं ते राहिलं बाजूला, शेठ बंदुकीला सांभाळायचे आणि मी दोघांना. संडासला जाताना ती खिळ्याला टांगायचे आणि तिथंच विसरायचे. लग्नाला गेलो तर नवरा-नवरीला सोडून सगळी पोरं शेठच्या भोवती, दाखवा ना, दाखवा ना. देवळात चामडं चालत नाही, म्हणून पट्ट्यासकट ती माझ्याकडे. शेठ आत दर्शनाला आणि मी जीपच्या काचा वर करून, टॉवेलात गुंडाळलेली ती मांडीवर घेऊन, घामाने थबथबलेला. कायद्याने मी तिला हातसुद्धा लावायचा नाही. एकदा एक म्हातारी काचेवर टकटक करून म्हणाली, "भाकर हाय का रं डब्यात?" म्हणलं, "नाय आजी, शेठचं हाय." ती म्हणाली, "मंग शेठला म्हणा, एकट्यानं खाऊ नगं." बिचारी निघून गेली आणि मी परत घाम पुसला.

यंदा निवडणूक लागली. आता तुम्ही म्हणाल निवडणुकीच्या दिवसांत टवाळखोर फिरतात, तेव्हा तरी बंदूक कामाला येत असेल. नाही मामा. निवडणूक लागली की लायसनवाल्यांनी आपापली बंदूक पोलिसांकडे जमा करायची असा नियम आहे. म्हणजे ज्या महिन्यात भीती जास्त, त्या महिन्यात बंदूक चौकीत आणि शेठ घरात कडी लावून. (पण एक सांगतो, त्याच महिन्यात शेठ शांत झोपायचे. घोरणं जीपपर्यंत ऐकू यायचं.) निकाल लागले, ती सुटून आली, शेठची झोप पुन्हा गेली.

आता खंडेनवमीचं ऐका, कारण दसऱ्याची भानगड तिथंच सुरू झाली. त्या दिवशी आपण विळे, कुदळी, फवारणीचा पंप पुजतो, तसं शेठाणीने घरातली सगळी हत्यारं पाटावर मांडली. तराजू, शेठची कात्री, जीपचा पाना आणि मधोमध रिव्हॉल्वर. शेठने गोळ्या काढून ठेवल्या, तेवढी अक्कल केली. पण शेठाणी सोवळ्यातली बाई. तिने देवांना घालतात तसं त्याला रीतसर पंचामृताने न्हाऊ घातलं. दूध, दही, तूप, मध, साखर, सगळं. नळीत अक्षता. घोड्याला कुंकू. वर आपल्याच बाजारातल्या झेंडूचा हार. मी म्हणलं, काकू, हे आत गेलं तर. तर म्हणाल्या, "देवाला चालतं ते हिला चालत नाही व्हय?" नंतर शेठने ती पंच्याने पुसली, गोळ्या भरल्या आणि दसऱ्याला सकाळी कमरेला लावून लासलगावला निघाले. (मी ठरवलं होतं, दुपारी परत येऊ, शेठला घरी सोडू, की मी थेट तुमच्याकडे सोनं घेऊन. नवा सदराही घातला होता.)

मामा, मुंग्यांना लायसन लागत नाही. विंचूरच्या अलीकडे शेठ सीटवर सरकायला लागले. मग उठून बसायला लागले. मग ओरडले. जीप थांबवली ती गेणूभाऊच्या चहाच्या टपरीशी, तिथं आम्ही नेहमीच थांबतो. शेठ मागच्या बाजूला गेले, पट्टा सोडला, सदरा झटकला, धोतर झटकलं, कंबर लाल भोपळ्यासारखी झाली होती. गेणूभाऊ म्हणाला, खोबरेल लावा. लावलं. चहा सांगितला होता तो तसाच सोडून शेठ जीपमध्ये येऊन बसले, म्हणाले, चल लवकर, लिलाव सुरू होईल. निघालो.

थोडं पुढे गेलो तर आरशात एक राजदूत मोटारसायकल. वर बसलेला माणूस एका हाताने गाडी चालवतोय आणि दुसऱ्या हातात रिव्हॉल्वर वर धरून हलवतोय. ओरडतोय काहीतरी. शेठने मागे बघितलं आणि त्यांचं तोंड धोतरासारखं पांढरं. मी म्हणलं, "शेठ, फेट्यावरून गेणूभाऊ वाटतोय." शेठ म्हणाले, "म्हणजे तोच निघाला दरोडेखोर. रोज चहा पाजून बघून ठेवलं रं मला." आणि त्यांनी कमरेला हात घातला. कमरेला नुसतं खोबरेल. तर म्हणतात काय, "म्हेश्या, माझी बंदूक पण मारली त्यानं. पळव."

पळवली. पुढे लिलावाला निघालेल्या ट्रॅक्टरांची रांग. ब्रेक मारेपर्यंत जीपचं तोंड एका ट्रॉलीत गेलं आणि कांदे माझ्या अंगावर. शेठने गाडी थांबायच्या आधीच उडी मारली होती, पाय मोडला तो त्यात. बांधाच्या आड पडून हात जोडून म्हणत होते, गेणूभाऊ, लेकरंबाळं आहेत. गेणूभाऊ आला, गाडी स्टँडला लावली, बंदूक बॉनेटवर ठेवली, धापा टाकत म्हणाला, "शेठ, हाका मारून घसा बसला माझा. खिळ्याला राहिली व्हती. आन् ह्या मुंग्या माझ्या हाटेलातल्या न्हाईत, आधीच्याच हायेत."

तेवढ्यात पोलीस आले. त्यांनी विचारलं लायसन कोणाचं. शेठचं. मग या टपरीवाल्याच्या हातात कशी आली? झालं. चोर कोणीच नव्हता, पण सगळ्यांत सरळ माणूस तेवढा संध्याकाळपर्यंत चौकीत बसला, आणि त्याच्या शेजारी जबाब द्यायला मी, नव्या सदऱ्यावर कांद्याची सालं, खिशात तुमच्यासाठी घेतलेली आपट्याची पानं. ती तिथंच गेणूभाऊला दिली. म्हणलं सोनं घ्या, सोन्यासारखे राहा. त्याने घेतली पण हसला नाही. दुसऱ्या दिवशी शेठने मला रायपूरच्या गाडीत बसवलं. म्हणून मी आलो नाही. मामीला एवढं सांगा.

मामा, मी रोज गोणीवर पडून एकच विचार करतो. त्या दिवशी मुंग्या झाल्या नसत्या, ती कमरेला असती, आणि गेणूभाऊ दुसरंच काही द्यायला मागून आला असता, समजा शेठचा चष्मा, तर आज गेणूभाऊ नसता. शेठ वाईट माणूस नाही. भ्यालेला माणूस आहे. आणि तुम्ही राग मानू नका, पण तुम्ही शेठपेक्षा लवकर भिता. गेल्या साली दिवेलागणीला कारल्याच्या मांडवाजवळ चोर उभा आहे म्हणून तुम्ही ज्याला काठीने झोडपलं, ते आपलं बुजगावणं होतं आणि त्याच्या अंगात तुमचाच जुना सदरा होता. मामी ओरडत होती, अहो, तो तुमचा सदरा. तुम्ही म्हणालात, "म्हंजे सदराही चोरला." बुजगावणं परत बांधता आलं. म्हणून सांगतो, अर्ज करू नका. कुत्रं पाळा. कुत्रं आधी भुंकतं, मग ओळख पटली की शेपूट हलवतं. बंदुकीला ओळख पटत नाही.

शेठची ती अजून चौकशीसाठी पोलिसांकडेच आहे. शेठ प्लास्टरमध्ये आहेत आणि शेठाणी लिहितात की घोरणं परत सुरू झालं. लिहिण्यात चूकभूल झाली असेल तर भाच्याचं शिक्षण आठवून माफ करावी. मामीच्या गुडघ्याला माझा वेगळा नमस्कार.

आपला भाचा,
महेश

ता. क. बांधावर येतो तो चोर नाही. तो नाक्यावरच्या एसटीडी बूथवाल्यांचा राज आहे, आईबापांना एकुलता एक. बूथवर कोणाचा फोन आला की बोलवायला येतो आणि दोनदा हॉर्न वाजवतो. तुम्ही बाहेर आलात की पळतो, कारण फोन तुमच्यासाठी नसतो.

ता. क. दुसरा. फोन मी करतो. मंजुषा गुलाब तोडण्याच्या निमित्ताने बांधाने जाते. मामीला माहीत आहे, तिचा गुडघा दुखतो तो मंजुषाबरोबर बूथपर्यंत चालून. ओझरचं स्थळ दिवाळीनंतर बघायला येणार असं तुम्ही लिहिलं आहे. मुलगा चांगला आहे, कँटीनला मी त्याला चहा दिलेला आहे, विमानाचं काम करतो. पण भाच्याचा मामाच्या मुलीवर पहिला हक्क असं तुम्हीच माझ्या बारशाला म्हणाला होतात असं आई सांगते. मी कुठंच टिकलो नाही हे खरं, पण या एका गोष्टीवर सहावीपासून टिकून आहे. हे सांगायला दसऱ्याला येणार होतो. तुमच्या हातात बंदूक नसताना सांगावं एवढंच मनात होतं, म्हणून वरचं सगळं आधी लिहिलं. वरचं सगळंही खरंच आहे.

ता. क. तिसरा. भाऊबीजेला येतोय. राजची मोटारसायकल घेऊन येईन. संध्याकाळी बांधावर दोनदा हॉर्न वाजला तर तो मी. काठी पण घरातच ठेवा.