मोठ्या मुलीची भूमिका

प्रिय ताई,

फोनवर तू मध्येच 'बरं, ते जाऊ दे' म्हणतेस आणि मग खरंच सगळं राहून जातं, म्हणून लिहितेय. मी मजेत आहे. गुडघा अधूनमधून कुरकुरतो, पण वर्गात उभी राहिले की त्याची आठवणही होत नाही.

वर्गाबद्दलच सांगायचंय. बारा वर्षं मी डॉक्टर होऊ घातलेल्या मुलांना वैद्यकीय नीतिशास्त्र शिकवतेय. शिकवतेय म्हणजे काय, तर पडद्यावर तत्त्वं दाखवायची, पुढच्यांनी ती उतरवून घ्यायची आणि मागच्या बाकांनी डुलक्या काढायच्या. यंदा ते बंद केलं. मुलांचे छोटे गट पाडले, एका पेशंटची गोष्ट लिहिलेला कागद दिला आणि भूमिका वाटून दिल्या: डॉक्टर, नर्स, पेशंटची मोठी मुलगी, धाकटी मुलगी. अट एवढीच, की आपल्याला न पटणारी बाजू मांडायची. पहिल्या दिवशी विभागप्रमुख दारातून डोकावून, हा वर्ग आहे की बाजार, असं विचारून गेले. पुढच्या आठवड्यात तेच खुर्ची ओढून बसले आणि नर्सची भूमिका मागून घेतली. इतका तावातावाने भांडणारा माणूस इतकी वर्षं शेजारच्या खोलीत होता, हे मला माहीतच नव्हतं.

त्या कागदावरचा पेशंट म्हणजे आपले बाबा. नाव लिहिलं नव्हतं. पण मेंदूतला रक्तस्राव, अकरा दिवस व्हेंटिलेटर, खोलीबाहेरच्या बाकावर दोन टोकांना बसलेल्या बहिणी, सगळं आपलंच. मशीन काढू या, बाबांनीच मला सांगून ठेवलंय, असं तू म्हणत होतीस. आणि मी म्हणाले होते, तुला घाई झालीय. त्यानंतर तू एकदाही तो विषय काढला नाहीस.

मंगळवारी एक मुलगी गैरहजर होती, म्हणून मोठीची भूमिका माझ्याकडे आली. समोर धाकटी म्हणून एक उंच, लाजाळू मुलगा. त्याने कागदावरचं माझंच वाक्य मला ऐकवलं. मी तोंड उघडलं आणि कळलं, याला उत्तरच नाही. काहीही बोललं तरी बाबांना मारायला निघालेली मुलगी तीच ठरते. म्हणून तू गप्प बसली होतीस. मी त्याला कबुली समजले. बाबांना दिलेला शब्द बाजूला ठेवून तू ते मशीन माझ्यासाठी चालू राहू दिलंस, हे शिकवण्याच्या बाराव्या वर्षी, भर वर्गात माझ्या डोक्यात शिरलं.

तास छान झाला. मुलं वाद घालतच बाहेर पडली. तो मुलगा मात्र रेंगाळला. अदबीने म्हणाला, "मॅडम, ही गोष्ट खरी वाटते. त्या मोठ्या मुलीला विचारलं होतं का?"

ताई, सबंध सत्र संमती, संमती म्हणून मी घसा कोरडा केलाय, आणि तुला विचारायचं मला सुचलंही नाही. म्हणून हे पत्र. उशिराच, पण विचारते: ही गोष्ट मी वर्गात वापरू का? नको म्हणालीस तर कागद फाडून टाकीन, रुसणार नाही. हो म्हणालीस तर एकदा तू स्वतः ये आणि तेव्हा जे बोलली नाहीस ते त्या मुलांना सांग. मी मागच्या बाकावर बसून ऐकेन. पण तू काहीही ठरव, एक गोष्ट तुला आधी कळायला हवी. घाई तुला नव्हती. बाबांचं ऐकणारी आपल्या दोघींत तू एकटीच होतीस.

तुझीच, मध्ये न बोलता ऐकायला शिकत असलेली,
धाकटी