सव्वाचोवीसचं चाक

भोईवाडा,
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

प्रिय संघर्ष,
सप्रेम जय भीम.

मी ठीक. गुडघा कुरकुरतो, पण मशीनचं पायडल मारायला अजून नाही म्हणत नाही. मनालीचा ब्लाउज शिवून तयार आहे. अस्तर हिंदमाताहून आणलं, रंग अगदी जुळला. वडाळा काही लांब नाही, तरी पत्र लिहितेय म्हणून हसू नकोस.

सकाळी अप्पांच्या फाउंड्रीत जाऊन आले. पुढच्या महिन्यात पाडणार म्हणतात. माझ्याकडे शिवायला येणाऱ्या दुर्गाचा नवरा दीपक तिथे वॉचमन आहे, त्याने फाटक उघडलं. "मावशी, दहा मिन्टं हां. आत काय पन नाय, नुस्ती रेती."

रेती खरीच. ओतकामाची काळी वाळू, पाऊल टाकलं की आवाजच होत नाही. छपराच्या भोकांतून ऊन उतरत होतं आणि त्यात धूळ इतकी सावकाश फिरत होती की मीही हळू चालायला लागले. भट्टीत पिंपळ उगवलाय. वर पॅटर्नखात्यात अप्पांनी घडवलेली लाकडी चाकं अजून फळीवर आहेत. वाळूत त्यांचा ठसा घ्यायचा आणि त्यात लोखंड ओतायचं. आपण डबा घेऊन जायचो तेव्हा अप्पा त्यांच्यामध्येच बसलेले असायचे. वाटलं, आत्ता मान वर करतील आणि विचारतील, "बकुळा, भाजी कसली गो?"

एका चाकावर त्यांच्या अक्षरात '२४ इंच' लिहिलंय. पर्समधली टेप लावली. सव्वाचोवीस भरलं.

लोखंड थंड झालं की आटतं, म्हणून लाकूड आधीच मोठं करायचं. त्यासाठी अप्पांची पोलादी पट्टीच वेगळी होती, तिचा प्रत्येक इंच, प्रत्येक सेंटिमीटर जरासा लांब. त्या पट्टीवर माणूस मोजला तर कमी भरतो.

हो, तीच पट्टी. अप्पा गेल्यावर आठवण म्हणून तू नेलीस ती. गुरुवारी फोनवर म्हणालास, "ताई, मनालीचं पोलीस भरतीचं राहू दे. घरी अप्पांच्या पट्टीवर मोजली, एकशे चोपन्न. एका सेंटिमीटरने गेलं." मागे तुझी पोर रडत होती.

सव्वीस वर्षांपूर्वी तुला भिंतीला उभं करून मीच मोजलं होतं. एकशे चौसष्ट. तुझंही एकानेच गेलं. ते चुकून झालं, शप्पथ. पण दुसऱ्या दिवशी अप्पा हसले, "अगं, त्या पट्टीवर माणूस मोजतात होय?" "सांगते त्याला," म्हटलं. फॉर्मला अजून चार दिवस होते, आणि मी सांगितलं नाही. आई नुकतीच गेली होती. अप्पा दिवसभर फाउंड्रीत; तूही ट्रेनिंगला गेला असतास तर त्या खोलीत मी एकटी पडले असते, याची मला फार भीती वाटली. तू गोदामात लागलास. मी रोज तुझा डबा भरत राहिले.

उद्या मनाली ब्लाउज न्यायला येईल. शिवताना टेप माझ्या गळ्यातच असते; दोन मिनिटांत मोजून "बसतेस गं" म्हणता आलं असतं. पण मग तुला कधीच कळलं नसतं, आणि मला तेच सोयीचं झालं असतं. म्हणून टेप या पाकिटात घालून तिच्याच हाती देते. तिच्या फॉर्मची मुदत शनिवारपर्यंत आहे ना?

आधी तिला मोज. मग दार लावून स्वतःलाही मोज.

तुला एका सेंटिमीटरने कमी ठेवणारी,
तुझी ताई