गीझरला हात लावू नकोस

यशू,

बाथरूममधला गीझर मी काढून ठेवलाय. तो कोणाला परत जोडू देऊ नकोस. पाणी गॅसवर तापव.

डॉक्टर म्हणाले, आंघोळ करताना आईचं हृदय बंद पडलं. पण काल शेजारच्या प्रतिभाकाकू म्हणाल्या, नळाला हात लावला की मुंग्या येतात, असं आई सांगायची. म्हणून आज अंबडहून आमच्या कंपनीतला करंट ट्रान्सफॉर्मर, म्हणजे करंट मोजायची रिंग, आणि मीटरवाला अ‍ॅम्प्लिफायर आणला. गीझरच्या जाणाऱ्या-येणाऱ्या दोन्ही वायरी त्या रिंगमधून ओवल्या. गेलेला करंट सगळा परत आला, तर मीटरचा काटा हलत नाही. गीझर लावताच काटा पार टोकाला गेला. करंट पाण्यात उतरत होता. प्लग उघडला, तर गळणारा करंट जमिनीत नेणारी अर्थिंगची वायर जोडलेलीच नव्हती.

तो प्लग दिवाळीत बाबांनी बदलला होता.

बाबा दारातच उभे होते. "काय निघालं?" त्यांनी विचारलं.

"काही नाही. गीझर चांगला आहे."

"मग लाव परत. आंघोळ करून घेतो," म्हणाले आणि टॉवेल घेऊन आत निघाले. मग मला खरं सांगावंच लागलं.

त्यांना एकटं ठेवायची भीती वाटते, म्हणून इगतपुरीला आत्याकडे नेतोय. तू शनिवारी तिकडेच ये.

आत्ता चपला घालताना त्यांनी एवढंच विचारलं, "यशूला कळलंय का?"

मी नाही म्हणालो. तू आलीस की तुला काही माहीत नाही.

– मयुरेश